गोठ्यातला स्वेटर

४ डिसेंबर, बुधवार
हमरस्त्यावरून, ट्रॉलीत बसून

धाकटे,

अक्षरावरून ओळखलंच असशील. चुलीत घालायचं तर खुशाल घाल, पण आधी गाईपुरतं वाच. गाईचं आणि तुझं काही भांडण नाही.

फोन केला नाही, कारण आम्ही आंदोलनाला रस्त्यावर बसलो त्या दिवसापासून इथलं नेटवर्क बंद करून ठेवलंय. आणि चालू असतं तरी माझा नंबर बघून तू उचलला असतास असं थोडंच आहे! म्हणून हे टेम्पोवाल्याच्या हाती देते. गावातून पीठ, लाकडं, ब्लँकेटं घेऊन तो चार-पाच दिवसांनी येतो आणि जाताना आमचे निरोप घेऊन जातो.

तर मुद्दा असा. पाच दिवसांत परत येते असं सांगून मी निघाले आणि गोठा समोरच्या शिंपीणबाईंवर सोपवला. काल टेम्पोवाला सांगत होता, मास्तरणीने त्यांना लाथ मारली. गुडघा सुजलाय, बादली उपडी झाली, बाई घरात फडकं बांधून बसल्यात. पुढचं त्याला ठाऊक नाही. त्या गाईचं नाव आपण मास्तरीण का ठेवलं हे तुला आठवत असेलच. आपण एकत्र होतो तेव्हा तुलाही तिने दोनदा झटकलं होतं. माझ्याशिवाय कुणाला पान्हा सोडत नाही, आणि दूध कासेत राहिलं की कास सुजून दगडी होते, मग सड जातो तो कायमचाच. तुझे थोरले दीर म्हणजे माझा नवरा वारला, त्याने मागे ठेवलेलं, माझ्याशी बोलणारं, तेवढं एकच माणूस आहे घरात. तेही चार पायांचं.

उजव्या बाजूने बसावं लागतं. हात कोमट पाण्यात बुडवून घ्यायचे. आणि तिला रागवायचं. गोंजारलं की तिला संशय येतो. ‘सरक गं भवाने, नखरे पुरे झाले’ असं खेकसलं की मान खाली घालून उभी राहते.

तू धार काढ असं मी म्हणत नाही. फक्त कुणाच्या तरी कानावर घाल.

एवढी काळजी आहे तर घरी का येत नाही, असं तू म्हणशील. पिशवी भरलीही होती. पण सरकारबरोबरची सोमवारची बोलणी फिसकटली, आणि आपल्या गावच्या सातजणांपैकी तिघं तापाने परत गेले. मी उठले तर आपली ट्रॉली ओस पडल्यासारखी दिसेल. करारशेतीच्या ह्या नव्या कायद्यात काय आहे ते तुला मी सांगायला नको. माल चांगला की वाईट हे घेणाऱ्याचाच माणूस ठरवणार, तक्रार असेल तर सरकारी साहेबाच्या दारात उभं राहायचं, आणि साहेब बोलेल तो शेवटचा शब्द. कोर्टात जायचं नाही. बाकीच्यांना हे कागद वाचून कळलं. तुला तीन वर्षांपूर्वीच कळलं होतं. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

थोरली

ता. क. गोठ्यात खिळ्याला माझा जुना तपकिरी स्वेटर आहे. तो घालूनच मी धार काढते. सहज सांगितलं.


९ डिसेंबर, सोमवार

धाकटे,

आज काय झालं ते ऐक.

सकाळी आम्ही सातआठ बायका स्वयंपाकाच्या तंबूत बटाटे सोलत होतो. टेम्पो थांबला, हा उतरला, आणि मला बघून त्याच्या खांद्यावरचं पोतं घसरलं.

“ताई, तुम्ही इथे?”

“मग कुठे असणार? वरात काढायची होती का माझी?”

“अहो, गावभर झालंय तुम्ही गुपचूप घरी पळून आलात म्हणून! शिंपीणबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. त्या लंगडत लंगडत परत धार काढायला गेल्या, तर तुम्ही गोठ्यात. तोच स्वेटर, पाठमोऱ्या. गाईला शिव्या घालताय. त्यांचा पाराच चढला. म्हणाल्या, यायचंच होतं तर माझा गुडघा कशाला फोडून घेतला!”

तंबूतल्या सगळ्या सुऱ्या थांबल्या. हजेरी ठेवायला एक रिटायर्ड पोस्टमास्तर असतात, त्यांनी वही उघडून माझ्या नावापुढच्या खुणा तपासल्या. शेवटी म्हणाले, “ह्या तर रोज इथेच आहेत. उलट रोज दोनदा जेवतात.”

तोवर मला उमगलं होतं. स्वेटर माझा, शिव्या माझ्या, आणि मी इथे. आपल्या अंगणात माझा आवाज काढता येईल असं दुसरं आहे कोण? तीन वर्षं भिंतीपलीकडून रोज सकाळ-संध्याकाळ ऐकत होतीस ना! मी आपली समजत होते की माझं ओरडणं ऐकून तू कानांवर हात ठेवत असशील.

मी बटाट्याच्या पोत्यावरच बसले. बायकांना वाटलं मला चक्कर आली. मला हसू येत होतं आणि डोळेही वाहत होते, आणि हातात कांदा नव्हता त्यामुळे कांद्यावर ढकलायचीही सोय नव्हती.

मग मी टेम्पोवाल्याला म्हटलं, “बघ, पत्र मिळाल्याबरोबर गेली की नाही!” तर हा बाबा डोकं खाजवायला लागला. गेला, सीट उचलली, आणि माझं पाकीट बाहेर काढलं. तेलाचा डाग पडलेलं. दिलंच नव्हतं त्याने! विसरला होता.

म्हणजे तुला मी काहीही सांगितलं नव्हतं. उजवी बाजू, कोमट पाणी, खेकसणं, काही नाही. स्वेटरसुद्धा तुझा तुलाच सुचला. मास्तरीण हंबरायला लागली असणार, आणि तुला ते ऐकवलं नसणार. एवढंच.

धाकटे, मला आभार मानता येत नाहीत, माझी जीभ त्या कामाची नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? पण ह्या वेळी मानते. मनापासून मानते. तू माझी गाय वाचवलीस आणि मला इथे बसू दिलंस. सकाळी जाग येते तेव्हा माझी बोटं आपोआप मिटत-उघडत असतात, धारेची वेळ झाली म्हणून. आजपासून ती ब्लँकेटमध्ये निवांत पडतील.

दूध तुम्हीच ठेवा. ही दोन्ही पत्रं तुला एकदमच मिळतील. पहिलं वाचलं नाहीस तरी चालेल, त्यात मी जरा आखडूनच लिहिलंय.

इथे बरं आहे. परवा मंचावर मलाही दोन शब्द बोलायला लावलं. बोलले काहीतरी.

थोरली


१४ डिसेंबर, शनिवार

धाकटे,

लोण्याची बरणी पोचली. चिठ्ठी नव्हती, पण झाकणाला बांधलेलं फडकं तुझ्या जुन्या पडद्याचं आहे हे मी ओळखलं. सकाळच्या पावाला सगळ्या ट्रॉलीने लावून खाल्लं. पोस्टमास्तरांनी बरणी बोटाने पुसून पुसून चाटली. ‘कुणी पाठवलं?’ म्हणून जो तो विचारत होता आणि मी ‘माझ्या जावेने’ असं इतक्या ऐटीत सांगत होते की माझी मलाच लाज वाटली. कारण एक गोष्ट मी तुला मागच्या पत्रात धड सांगितली नाही.

‘बोलले काहीतरी’ असं लिहिलं होतं. काय बोलले ते आज लिहिते. उद्या-परवा ते पेपरमधून गावात पोचेल. त्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं.

मी तुझी गोष्ट सांगितली. तुला न विचारता. कंपनीचा माणूस करार घेऊन आला, कागदावर नुसतं ‘योग्य दर्जा’ एवढंच लिहिलं होतं, बटाटे काढून ट्रॉली भरून नेली तर तिथे त्यांच्या तपासनिसाने खिशातून लोखंडी कडी काढली आणि तिच्यातून जो बटाटा खाली पडेल तो नापास म्हणाला. अख्खी ट्रॉली परत. तक्रारीला साहेबाकडे गेलात तर साहेब म्हणाला, कागदावर सही तुमचीच आहे.

इथपर्यंत सगळं खरं. लोक जिवाचा कान करून ऐकत होते. मला कधी एवढ्या माणसांनी ऐकलं नव्हतं. आणि मग माझ्या तोंडून निघालं, ‘आम्ही दोघी जावांनी मिळून ती ट्रॉली उतरवली. रडलो नाही. एकेक पोतं धरून उतरवली.’ टाळ्या काय पडल्या म्हणून सांगू! खाली उतरले तर एका वार्ताहराने फोटो काढला आणि मोठ्या अक्षरांत छापलं, जावांची एकजूट.

खरं काय झालं ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. भाऊजी साहेबाच्या ऑफिसात अडकले होते. तू एकटी ट्रॉलीवर चढून पोती ढकलत होतीस. मी माझ्या दारात उभी होते, कमरेवर हात ठेवून. आणि शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘कंपनीची लाडकी सून व्हायला निघाली होती, सासरने परत पाठवली वाटतं!’ लोक हसले. मीही हसले. तू वर बघितलंस, आणि पुढचं पोतं उचललंस. त्या दिवसानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस.

मला न विचारता सही केलीस, हे माझं दुखणं होतं. वावर दोघींचं, बियाणं दोघींचं, आणि कागदावर सही एकीचीच उमटली असं मला वाटलं. पण म्हणून कुणी असं बोलत नाही. मी बोलले. आणि आता तीन वर्षांनी मंचावर जाऊन तुझ्या घामातला अर्धा वाटा टाळ्यांसाठी उचलला.

तुझं लोणं खाऊन हे लपवून ठेववेना, म्हणून लिहिलं. आता तू गोठ्यात जायचं बंद केलंस तर मी काही म्हणणार नाही. मग मला घरी यावं लागेल, तर येईन. ट्रॉलीत एक माणूस कमी दिसेल. पण तू केलंस तेवढ्याचे उपकार मी विसरणार नाही, एवढं खरं मान. बाकी मी मंचावर काय बोलते ते खरं मानू नकोस.

थोरली


२० डिसेंबर, शुक्रवार

धाकटे,

टेम्पोवाला काल आला. पुढच्या सीटवर माझा तपकिरी स्वेटर घडी करून ठेवलेला. तो बघितला. म्हटलं, झालं. परत केला.

“धाकट्या बाईंनी दिलाय,” तो म्हणाला.

“गाय कशी आहे?”

“गाय मजेत आहे.”

“आणि धार कोण काढतं?”

“त्याच काढतात की! आता गाईला स्वेटर लागत नाही म्हणाल्या. नुसतं बसलं तरी पान्हा सोडते. म्हणाल्या, तिकडे थंडी आहे, ज्याचा त्याला द्या.”

माझा जीव भांड्यात पडला. स्वेटरचं उजवं कोपर दोन वर्षं फाटलेलं होतं, ते तू निळ्या लोकरीने विणून टाकलं आहेस. तपकिरी लोकर मिळाली नाही की मुद्दाम निळी घेतलीस, ते नंतर सांग. मी तो घातला आणि खिशात काहीतरी जड लागलं.

पेपरचा तुकडा होता. त्यात गुंडाळलेली कडी.

मला ती तुझ्याकडे असेल असं वाटलंच नव्हतं. परत आलेल्या ढिगात राहून गेली असणार, आणि उतरवताना तुलाच सापडली असणार. तीन वर्षं सांभाळलीस. मी तुकडा उलगडला. माझा फोटो, माझं भाषण, आणि ‘आम्ही दोघी जावांनी’ ह्या शब्दांवर पेन्सिलीची आडवी रेघ. वर तुझ्या बारीक अक्षरात, ‘मी एकटीने.’ एवढंच. शिवी नाही, रुसवा नाही. तुझं तीन वर्षांतलं पहिलं वाक्य, आणि तेही दोनच शब्दांचं!

संध्याकाळच्या सभेत मी पोस्टमास्तरांना म्हटलं, मला बोलायचंय. ते म्हणाले, यादीत नाव नाही. मी म्हटलं, यादीत घाला. वर गेले आणि सांगितलं की त्या दिवशी मी खोटं बोलले. माझी जाऊ एकटीच होती, मी दारात उभी राहून हसत होते. मी काय म्हणाले होते तेही सांगितलं, शब्दाला शब्द. ह्या वेळी टाळी एकही पडली नाही. खाली कुणीतरी खोकलं. मी कडी हातात धरली आणि म्हटलं, ही तिची आहे. तिला जे मोजलं ते हिने मोजलं. मग खाली उतरले. पोस्टमास्तरांनी चहाचा पेला पुढे केला आणि बसायला आपली खुर्ची दिली.

मग मात्र मजा झाली. एका आजीबाईंनी कडी बघायला मागितली. त्यांच्याकडून ती पुढे गेली, आणखी पुढे गेली. कुणीतरी तंबूतून उद्याच्या जेवणाचे बटाटे आणले आणि एकेक करून कडीतून टाकायला सुरुवात केली. टप, टप, टप. निम्म्याहून जास्त खाली पडले. दोन हजार माणसं तीन आठवडे जे बटाटे खाऊन टिकलीत ते सगळे नापास! माणसं आधी हसली, नंतर खाली पडलेले बटाटे मोजायला लागली. हा कायदा काय करणार आहे ते आम्ही तीन आठवडे माइकवरून सांगत होतो. त्या कडीने पाच मिनिटांत सांगितलं.

सत्तावीस तारखेला मंत्र्यांबरोबर बैठक आहे. आमच्यातल्या पाचजणांना आत घेणार आहेत. कडी घेऊन तुम्हीच चला, असं मला म्हणाले. मी नाही म्हटलं. माझ्या हातात ती शोभत नाही. आणि माझा भरवसाही नाही, मंत्र्यांसमोर टाळ्यांची हुक्की आली तर काय घ्या!

तू ये. टेम्पोवाल्याच्या शेजारची जागा धरून ठेवायला सांगितली आहे. तो विसरतो, म्हणून त्याच्या मनगटावर पेनाने लिहिलंय. मी त्याच टेम्पोतून परत जाईन. मास्तरणीचं, तुझ्या दोन शेळ्यांचं आणि भाऊजींचं मी बघते. येणार नसशील तरी राग नाही. तू आधीच माझ्यासाठी जे केलंस, त्याची परतफेड मला ह्या जन्मात जमेलसं दिसत नाही.

स्वेटर फार ऊबदार झालाय.

थोरली


२ जानेवारी, गुरुवार
तुझ्या स्वयंपाकघरातून

धाकटे,

टेम्पोतून तू उतरलीस आणि मी चढले, मध्ये काय दोन मिनिटं मिळाली असतील. मी एवढं काय काय बोलायचं ठरवलं होतं आणि म्हणाले काय, तर ‘मोजे आणलेस का?’ तू ‘हो’ म्हणालीस. तीन वर्षांनंतरचं आपलं संभाषण! पण माझ्या हातातून कडी घेताना तू माझी बोटं जरा जास्त वेळ धरलीस, ते मला कळलं.

सत्तावीसला भाऊजींनी रेडिओ टेबलावर मधोमध ठेवला आणि आम्ही दोघं समोर बसलो, कानात प्राण आणून. बातमीत सांगितलं, बैठकीत एका शेतकरी बाईने टेबलावर लोखंडी कडी ठेवली. मंत्र्यांनी विचारलं, हे काय? बाई म्हणाली, ‘तुमच्या कायद्यात योग्य दर्जा असं लिहिलंय ना, तो हा.’ भाऊजी उठले आणि उगीचच भांडी घासायला लागले. पाठ माझ्याकडे होती, पण खांदे हलत होते. मी रेडिओचा आवाज जरा वाढवला.

आणि काल ऐकलं की कोर्टाचा दरवाजा बंद करणारं कलम मागे घेतलं. बाकीचा कायदा तसाच आहे, म्हणून तुम्ही उठणार नाही, हेही ऐकलं. बसा. जेवढे दिवस लागतील तेवढे बस. इथली काळजी नको.

काळजी नको म्हणते, पण इथली गंमत सांगते. मास्तरणीने माझ्यापासून पान्हा चोरला! माझ्यापासून! पहिल्या सकाळी स्वेटर घालून, उजवीकडे बसून, नेहमीसारखी खेकसले, तर तिने मान वळवून माझ्याकडे असं बघितलं की ही कोण गावंढळ बाई आली. चार थेंब दिले आणि बंद. संध्याकाळी तेच. मला रडूच कोसळायचं बाकी होतं. भाऊजी दारात येऊन म्हणाले, “वहिनी, ती आता ओरडत नाही तिच्यावर. सुरुवातीला ओरडायची, तुमच्यासारखी. नंतर हळू बोलायला लागली. दिवसभरात काय झालं ते सांगायची तिला.”

“काय सांगायची?”

“ते मी कधी ऐकलं नाही,” म्हणाले आणि गेले. ऐकलंय, पण सांगणार नाहीत.

मग दुसऱ्या सकाळी मी तुझा करडा कोट घातला, दाराशी टांगलेला. तो मला हातांत आखूड होतो. बसले, हात कोमट केले, आणि हळू बोलायला लागले. पण गाईशी हळू काय बोलायचं? मला सवय नाही. जे आलं ते बोलले. त्या ट्रॉलीचं बोलले. दारात उभी होते ते. तुझ्याकडे येऊन एक पोतं धरायला मला दहा पावलं टाकायची होती आणि मी टाकली नाहीत, ते. पत्रात लिहिलं होतं, माइकवर सांगितलं होतं, पण ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द मी कुठेच उच्चारले नव्हते. ते पहिल्यांदा तुझा कोट घालून गाईच्या कानात म्हणाले. आणि धाकटे, तिने पान्हा सोडला. बादली वाजायला लागली. मी बराच वेळ तिच्या पोटाला डोकं टेकून बसले होते.

आता तेच शब्द तुलाही लिहिते. माझं चुकलं. आणि तू केलंस त्या सगळ्यासाठी, न सांगता केलंस त्यासाठी तर जास्तच, मी तुझी फार ऋणी आहे.

बाहेर आले तर शिंपीणबाई कुंपणापाशी थांबलेल्या. गुडघा बरा आहे त्यांचा. मी हाक मारायच्या आत तोंड फिरवून तरातरा निघून गेल्या. दुपारपर्यंत गावभर झालं होतं की धाकटी आंदोलन सोडून पळून आली, गोठ्यात बसून गाईशी हळूहळू बोलत होती, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मी कुणाला काही सांगितलं नाही. अंगात कोट तुझा, बोलणं तुझं. त्या बाईची तरी काय चूक?

उद्या टेम्पोवाला गावातली ही बातमी ऐकून तिथे येईल आणि तुला बघून त्याच्या खांद्यावरचं पोतं घसरेल. त्याला आधी खाली बसव, चहा दे, आणि मग सीट उचलून बघ. हे पत्र तिथेच असेल.

तुझी थोरली